हत्तीच्या रक्तातले क्षार: नमुना घेण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

खात्यापित्या, ठणठणीत हत्तीचा रक्ताचा नमुना तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिला, तर रिपोर्टवर बहुधा सोडियमपुढे ‘कमी’, क्लोराइडपुढे ‘कमी’, फॉस्फरसपुढे ‘जास्त’ आणि बऱ्याचदा कॅल्शियमपुढेही ‘जास्त’ असं छापून येतं. चारही शेरे निरर्थक असतात, कारण लॅबचं सॉफ्टवेअर आकडे माणसाच्या मर्यादांशी ताडून पाहतं. माणसाचं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर, तर आशियाई हत्तीचं साधारण १२५ ते १३०. त्या ‘कमी’वर विश्वास ठेवून कुणी सलाईन लावलं किंवा रेशनमधलं मीठ वाढवलं, तर जो आजार नव्हता त्याचा इलाज सुरू होतो.

कमलापूरच्या (जि. गडचिरोली) शासकीय कॅम्पसारख्या ठिकाणी, एखाद्या देवस्थानात किंवा प्राणिसंग्रहालयात हत्तींची जबाबदारी नव्याने अंगावर आलेले पशुवैद्यक, त्यांचे सहायक, माहूत आणि चाराकटर यांच्यासाठी हा लेख आहे. सुई टोचणं आणि औषध ठरवणं हे पशुवैद्यकाचंच काम. पण नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा सुईनंतर, आणि तिथे सगळ्यांचाच हात असतो.

आधी हत्ती निरोगी असताना

आजारपणात काढलेला पहिलाच आकडा फारसं काही सांगत नाही. या हत्तीचं एरवीचं पोटॅशियम ४.३ असतं की ५.२, हे माहीत असल्याशिवाय आजचं ५.५ वाढलेलं आहे की नाही हे कशावरून ठरवणार? म्हणून हत्ती धडधाकट असताना, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन नमुने घ्या. वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळी, रेशन देण्याआधी आणि कामाला किंवा फेरीला जाण्याआधी. गूळ-भात खाल्ल्यावर इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम थोडं पेशींच्या आत सरकतं. लांब चालून आल्यावर नेमकं उलट होतं, स्नायूंमधून ते रक्तात येतं. हे फरक लहान असतात, पण आपण शोधतो ते बदलही पुष्कळदा तेवढेच लहान असतात.

या तीन नमुन्यांवरून त्या हत्तीची पातळी ठरते. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तपासणी पुरेशी. लांबच्या वाहतुकीआधी एक नमुना घ्यावा. गाभण हत्तीण आणि लहान पिल्लं यांचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पुढे येईल.

कानाला हात लावू देणं

हत्तीच्या कानाच्या मागच्या बाजूची कातडी पातळ असते आणि तिथल्या शिरा डोळ्यांना दिसतात. नमुना तिथूनच घेतात. मागच्या पायाच्या आतल्या बाजूचीही शीर चालते, पण तिथे पोहोचायला हत्ती अगदी शांत आणि नीट शिकवलेला हवा.

शिकवायला काही आठवडे लागतात. माहुताने रोज कान उचलायचा, मागची बाजू धुवायची, शीर बोटाने दाबायची, नंतर पेनाचं टोपण टेकवून थोडा दाब द्यायचा आणि हत्ती स्थिर राहिला की लगेच केळं द्यायचं. टोपण टेकवल्यावर कान झटकायचा तो थांबला, की सुईची वेळ आली. साखळदंडात जखडून, आरडाओरड करून घेतलेल्या नमुन्यात आकडेही ताणाखालचे येतात आणि पुढच्या वेळी तो हत्ती कान देत नाही.

हत्ती माजावर असेल, गंडस्थळातून स्राव वाहत असेल, तर नियमित तपासणी पुढे ढकला.

सामान

मोठ्या हत्तीच्या कानासाठी २१ गेजची बटरफ्लाय सुई, पिल्लासाठी २२ किंवा २३ गेज. पायाच्या शिरेसाठी १८ किंवा १९ गेज. १० मिलिच्या दोन सिरिंज. लाल टोपणाच्या साध्या ट्यूब दोन, हिरव्या टोपणाची लिथियम हेपारिनची एक आणि रक्तपेशींच्या मोजणीसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीएची एक (हेपारिन आणि ईडीटीए दोन्ही रक्त गोठू देत नाहीत). हेपारिन लिथियमचंच आहे ना, ते लेबलवर वाचा. सोडियम हेपारिनची ट्यूबही हिरव्याच टोपणाची असते आणि तिच्यातलं सोडियम थेट तुमच्या रिपोर्टात जाऊन बसतं. राखाडी टोपणाची फ्लोराइड ट्यूब ग्लुकोजसाठी असते. क्षारांसाठी तिला हातही लावू नका.

एकूण १२ ते १५ मिलि रक्त पुरतं. रक्त शरीराच्या वजनाच्या साधारण ७ टक्के धरलं, तर तीन टनी हत्तीत ते दोनशे लिटरच्या आसपास भरतं. तेव्हा माहुताच्या मनात ‘अशक्तपणा येईल’ ही शंका असेल तर हा हिशेब त्याला जरूर सांगा.

नमुना घेताना

कान आधी पाण्याने धुऊन पुसून घ्या. चिखल वाळलेला असेल तर मऊ ब्रशने काढा. थंडीच्या सकाळी शिरा आकसलेल्या असतात, त्यावर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं धरलं की त्या वर येतात. मग स्पिरिट लावा आणि ते पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की तांबड्या पेशी फुटतात.

माहूत हत्तीच्या डोक्यापाशी राहील. तुम्ही कानाच्या किंचित मागे, सोंडेच्या टप्प्याबाहेर आणि मागे सरकायला वाट मोकळी राहील असे उभे राहा. हत्ती आणि भिंत यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका.

सुई टोचण्याआधी बोट ठेवून ठोके लागतात का पाहा. शिरांच्या शेजारून धमनीही जाते. तपासणीच्या रक्ताला धमनीने फार बिघडत नाही, पण तिथून रक्त साकळतं, मोठी गाठ येते. आणि पुढे कुणी त्याच जागी शिरेऐवजी धमनीत इंजेक्शन दिलं, तर कानाचा तुकडा सडून गळून पडू शकतो. ही खबरदारी पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडली पाहिजे.

शीर अंगठ्याने कानाच्या बुडाकडच्या बाजूला दाबा, पण मिनिटाच्या आत सोडा. सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ओढा. जोर लावला की शीर मिटते आणि पेशीही फुटतात. रक्त मिळाल्यावर सुई काढून त्या जागी दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरा.

आता ट्यूब भरणं. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सिरिंजची सुई काढा, ट्यूबचं टोपण उघडा आणि रक्त कडेने ओघळू द्या. क्रम ठरलेला: आधी लाल, मग हिरवी, शेवटी जांभळी. जांभळ्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. तिच्यातला एखादा थेंब सिरिंजच्या टोकावरून लाल ट्यूबमध्ये गेला, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं पडतं, कारण ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी आलं म्हणून जांभळीतलं ओतून भरणारेही भेटतात. असा नमुना फेकून द्यावा लागतो.

हिरवी आणि जांभळी ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, जोराने हलवू नका. प्रत्येक हत्तीला नवी सुई, हातात मोजे, वापरलेली सुई थेट कडक डब्यात.

सलाईन चालू असलेल्या कानातून नमुना घ्यायचा नाही. दुसरा कान घ्या. नाहीतर रिपोर्ट हत्तीचा कमी आणि बाटलीचा जास्त येतो.

पुढचे दोन तास

लाल ट्यूब सावलीत, उभी, ३० ते ६० मिनिटं ठेवा. रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने १० मिनिटं फिरवा आणि वरचं पिवळसर सीरम पिपेटने नव्या ट्यूबमध्ये काढून घ्या. हे सगळं रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत झालं पाहिजे. हिरव्या ट्यूबला गोठण्याची वाट पाहावी लागत नाही, ती लगेच फिरवता येते. घाई असेल तेव्हा तीच उपयोगी. फक्त सीरम आणि प्लाझ्मा (हिरव्या ट्यूबमधल्या न गोठलेल्या रक्ताचा वरचा द्रव) यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळे सीरममध्ये ते किंचित जास्तच येतं.

सीरम काढण्याआधी ट्यूब फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवणं ही सर्रास होणारी चूक, आणि ती चांगल्या हेतूने होते. तांबड्या पेशी पोटॅशियम आत धरून ठेवतात ते एका पंपाच्या जोरावर. थंडीत तो पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटलेल्या नसतात, सीरम स्वच्छ पिवळं दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही. तेव्हा आधी सीरम वेगळं करा, मगच थंड करा.

कॅम्पपासून लॅब ऐंशी-शंभर किलोमीटर असेल आणि रस्ता जंगलातला असेल, तर न फिरवलेलं रक्त जीपमध्ये पाठवणं म्हणजे वाटेत पेशी फोडत नेणं. गाडीच्या बॅटरीवर चालणारं किंवा हाताने फिरवायचं छोटं सेंट्रिफ्यूज कॅम्पवर असलंच पाहिजे. तेवढी एक वस्तू मागून घेण्यासाठी वरिष्ठांकडे कितीही अर्ज करावे लागले तरी करा. तोवर, गोठलेली ट्यूब थोडा वेळ उभी ठेवून वर सुटलेलं सीरम पिपेटने अलगद काढा. थोडं मिळेल, पण कामाचं मिळेल.

सीरमचा रंग उजेडात पाहा आणि लिहून ठेवा: पिवळा, गुलाबी की लाल. गुलाबी किंवा लाल म्हणजे पेशी फुटल्या आहेत. पोटॅशियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम तिघंही वाढून येणार. टोपण घट्ट लावलेलं सीरम २ ते ८ अंशांवर काही दिवस टिकतं. टोपण उघडं राहिलं तर पाणी उडून सगळेच आकडे चढतात आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने बायकार्बोनेट मात्र पडतं. बर्फाची पिशवी ट्यूबला थेट चिकटू देऊ नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा.

ट्यूबवर हत्तीचं नाव, मायक्रोचिप क्रमांक, तारीख, रक्त काढल्याची वेळ आणि सीरम वेगळं केल्याची वेळ लिहा. दोन्ही वेळा लिहिल्या की बेभरवशाचे अर्धे रिपोर्ट आपोआप ओळखू येतात.

लॅबला काय सांगायचं

नमुना हत्तीचा आहे हे आधी सांगा. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, एकूण कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम हे मागा आणि त्यांच्या जोडीला अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), एकूण प्रथिनं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम). या जोडीशिवाय क्षारांचे आकडे अधांतरी राहतात. एकूण कॅल्शियमचा मोठा भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो, ते कमी झालं की कॅल्शियमही कमी दिसतं. माणसासाठीचं दुरुस्तीचं सूत्र मात्र हत्तीला लावू नका.

लॅब शक्यतो बदलू नका. मोठ्या यंत्रांत सीरम आधी पातळ करून मोजतात, छोट्या यंत्रांत जसंच्या तसं. प्रथिनं किंवा चरबी जास्त असली की पातळ करणाऱ्या यंत्रात सोडियम खोटं कमी येतं. दोन लॅबच्या आकड्यांतला फरक हत्तीतला बदल समजून बसणं फार सोपं आहे.

आय-स्टॅटसारखं हातात धरायचं यंत्र असेल तर दोन-तीन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि मोकळं म्हणजे आयनित कॅल्शियमही कळतं. पण ते १६ ते ३० अंशांतच चालतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी झाडाखाली ते नुसतं तापमानाची सूचना दाखवत बसतं. सकाळी लवकर किंवा एसी लावलेल्या गाडीत वापरा. त्याची काडतुसं (नमुना भरायच्या, एकदाच वापरायच्या छोट्या डब्या) फ्रीजमध्ये ठेवायची आणि बाहेर काढल्याची तारीख पाकिटावर लिहायची. हेपारिन नसलेलं रक्त तीन मिनिटांत काडतुसात गेलं पाहिजे. आयनित कॅल्शियमच्या नमुन्याला हवा लागू देऊ नका. हवा लागली की आम्लता बदलते आणि तो आकडा घसरतो.

आकडे वाचताना

प्रौढ आशियाई हत्तीसाठी ढोबळ मर्यादा अशा धरा: सोडियम १२० ते १३५, पोटॅशियम ४ ते ५.५, क्लोराइड ८३ ते ९५ (तिन्ही मिलिमोल प्रति लिटर), एकूण कॅल्शियम ९.५ ते ११.५ आणि फॉस्फरस ४ ते ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वाढत्या पिल्लांचं फॉस्फरस याहून जास्त असतं. परदेशी तक्त्यात कॅल्शियम मिलिमोलमध्ये दिसलं तर त्याला ४ ने गुणा. म्हणजे २.७ म्हणजे आपलं १०.८.

एकेकटा आकडा पाहू नका, जोड्या पाहा.

समजा, रिपोर्टात पोटॅशियम ७.८ आणि कॅल्शियम ६.१ आहे, पण सोडियम १२७ आहे आणि हत्ती फांद्या मोडून खातो आहे. असा हत्ती एवढ्या पोटॅशियमवर इतका निवांत राहणार नाही. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए मिसळलं आहे. नवा नमुना घ्या.

पोटॅशियम ६.९, फॉस्फरस ७.५, कॅल्शियम मात्र १०.६, आणि नोंदीत सीरम गुलाबी. पेशी फुटल्या किंवा सीरम उशिरा वेगळं केलं. पुन्हा नवा नमुना.

पोटॅशियम ३.१, क्लोराइड ८१, सोडियम १२०, सीरम स्वच्छ, हत्ती तीन दिवस चारा टाकून आहे आणि लीद पातळ आहे. हे खरं आहे. हत्तीच्या चाऱ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकायची सवय असते. चारा बंद झाला तरी बाहेर जाणं लगेच थांबत नाही, म्हणून पातळी झपाट्याने घसरते. मॅग्नेशियमही पाहा. ते कमी असेल तर नुसतं पोटॅशियम किंवा कॅल्शियम देऊन आकडा वर येत नाही.

पोटॅशियम जास्त, क्रिएटिनिनही जास्त, तर मूत्रपिंडाकडे बघा. पोटॅशियम जास्त आणि सीके भडकलेलं, तर स्नायूंकडे. बराच वेळ एका कुशीवर पडून राहिलेल्या हत्तीत असं होतं, आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणून हा निरोप फोनवर लगेच द्यायचा. सोडियम चढलेलं आणि प्रथिनंही चढलेली असतील तर आधी पाण्याचा हौद पाहून या. मोठा हत्ती दिवसाला शंभर ते दोनशे लिटर पाणी पितो. हौदाला शेवाळ आलं, पंप बिघडला किंवा पाणी उन्हात तापलं की तो कमी पितो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाभण हत्तीण आणि पिल्लं

गाभणपण सुमारे २२ महिन्यांचं. शेवटच्या तीन-चार महिन्यांत दर महिन्याला आणि शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम पाहा. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (गाभणपण टिकवणारं हार्मोन) तळाला गेलं की साधारण दोन ते पाच दिवसांत हत्तीण विते. तेव्हापासून कॅल्शियम रोज, आणि शक्य असेल तर आयनित. गर्भाशयाच्या कळांना कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं की कळा थकतात आणि प्रसूती अडते. अशा वेळी कॅल्शियम न पाहता ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) देणं धोक्याचं आहे.

आहारावरही नजर हवी. गव्हाचा कोंडा आणि भाताचा कोंडा यांत फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य. रेशनमध्ये कोंडा वाढत गेला की दोघांचा तोल जातो. नाचणी आणि पाल्याच्या हिरव्या फांद्या कॅल्शियमच्या बाजूने येतात.

बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या अनाथ पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी वाकू शकतात. रक्तातलं कॅल्शियम मात्र हाडांतून उसनं घेऊन बराच काळ ठीक दिसत राहतं. म्हणून पिल्लात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेस (हाडांच्या घडणीशी निगडित एन्झाइम) सोबत पाहा, आणि त्याची चालही. पिल्लांच्या नागीण विषाणूसाठी, म्हणजे ईईएचव्हीसाठी, दर आठवड्याला नमुना घेतला जात असेल तर क्षारांसाठी वेगळी सुई टोचू नका. त्याच वेळी एक लाल ट्यूब भरून घ्या.

उपचार चालू असताना

आजारी हत्तीत १२ ते २४ तासांनी, आणि सलाईन चालू असेल तर त्याहून लवकर, नमुना पुन्हा घ्या. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही १५४ असतात. हत्तीचं क्लोराइड नव्वदच्या आतबाहेर. भरपूर नॉर्मल सलाईन गेलं की क्लोराइड चढतं आणि रक्ताची आम्लता वाढते. रिंगर लॅक्टेटमध्ये सोडियम साधारण १३० असतं, ते हत्तीच्या जास्त जवळचं.

तीन टनी हत्तीत पाच टक्के निर्जलीकरण म्हणजे १५० लिटरची तूट, अर्ध्या लिटरच्या तीनशे बाटल्या. ही तूट शिरेतून भरून निघणारी नाही. म्हणून पाजणं आणि गुदमार्गाने कोमट पाणी देणं हाच मुख्य मार्ग, हत्तीचं मोठं आतडं ते शोषून घेतं. पण साधं पाणी मोठ्या प्रमाणात गेलं की सोडियम आणखी खाली येऊ शकतं. त्यामुळे दर काही तासांनी सोडियम पाहून पाण्यात किती क्षार घालायचे ते पशुवैद्यकाने ठरवावं. खाली आलेलं सोडियम सावकाश वर आणायचं, २४ तासांत १० मिलिमोलपेक्षा जास्त नाही. घाईने मेंदूला इजा होते.

गाईच्या दुग्धज्वराला वापरतो तीच कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली हत्तीलाही शिरेतून देतात, पण अगदी संथ, आणि एक जण सतत हृदयाचे ठोके ऐकत असताना. ठोके मंदावले किंवा अनियमित झाले की लगेच थांबवायचं. पोटॅशियम शिरेतून एकदम कधीही द्यायचं नाही. हत्ती गिळत असेल तर ते तोंडाने देणंच बरं.

प्रत्येक नमुन्यातून एक-दोन मिलि सीरम उरतं, ते लेबल लावून उणे २० अंशांवर ठेवून द्या. पुढे शंका आली तर जुनं आणि नवं सीरम एकाच यंत्रावर एकाच दिवशी तपासता येतं. वितळल्यावर ट्यूब हलक्या हाताने नीट मिसळून घ्या. गोठताना क्षार खाली बसतात, न मिसळता वरचा थर घेतला तर सगळेच आकडे कमी येतील.